गभणे साहेबांचं निळं पाणी

गभणे साहेब जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, असं परवाच कोणीतरी सांगितलं. बरं झालं. माणूस गेला की त्याच्याविषयी लिहिताना हात आपोआप मवाळ होतो, आणि गभणे साहेबांच्या बाबतीत मला मवाळ व्हायचं नाही.

नागपूरजवळ बेसाला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा समोरच्या दारावर त्यांची पितळी पाटी होती. वर नाव, खाली हुद्दा, आणि हुद्द्यापुढे 'निवृत्त' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात की वाचायला चष्मा लागावा. एका सरकारी कार्यालयाच्या भांडारात त्यांनी नोकरी काढली होती. टाचण्या, फायली, खुर्च्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. त्यात कमीपणा काही नाही. पण घरी बसल्यावर त्यांना तपासायला काही उरलं नाही, आणि तिथून आम्हा सगळ्यांचे हाल सुरू झाले. सुरुवातीला ते पार्किंगमध्ये गाड्या रेषेच्या आत आहेत का ते पाहत. मग कुणाच्या कचऱ्यात काय आहे ते पाहू लागले. मग त्यांना पाणी सापडलं.

झालं असं की कुठल्याशा हॉटेलात पाण्याच्या एका मशीनचं प्रात्यक्षिक होतं आणि त्यानंतर जेवण होतं. गभणे साहेब जेवले. मशीन घेतलं नाही. मशीनवाल्याने रंग दाखवायला आणलेली थेंबांची छोटी बाटली मात्र घेऊन आले. मागून आणली की न विचारता आणली, हे त्यांनी कधी स्पष्ट सांगितलं नाही. पाण्यात दोन थेंब टाकले की रंग चढतो. पाणी आम्लाकडे झुकणारं असलं तर पिवळा, मधलं असलं तर हिरवा, अल्कलीकडे झुकणारं असलं तर निळा. शाळेत लिटमसचा कागद बुडवून पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटायचं कारण नाही. गभणे साहेब वाणिज्य शाखेचे. त्यांना हा साक्षात्कार वाटला.

त्या दिवसापासून ती बाटली त्यांच्या शर्टाच्या खिशात राहू लागली. आमच्या घरी वास्तुशांतीला आले तेव्हा माझ्या मामेसासऱ्यांच्या हातातला पाण्याचा ग्लास त्यांनी अलगद काढून घेतला, दोन थेंब टाकले आणि ग्लास ट्यूबलाइटकडे धरला. फिकट पिवळा रंग आला.

"मॅडम, पाहुण्यांना ॲसिड पाजताय तुम्ही."

"फिल्टरचं पाणी आहे," मी म्हटलं.

"तेच तर! फिल्टरनं मेलेलं पाणी. तुम्ही मराठी शिकवता, तुमचा दोष नाही. हे सायन्स आहे. कलर खोटं बोलत नाही."

मामेसासरे घाबरून ग्लासाकडे पाहत राहिले. थेंब टाकलेलं पाणी प्यायचं नसतं, एवढी सूचना बाटलीवरच छापलेली होती, म्हणून मी तो ग्लास मोरीत ओतला आणि त्यांना दुसरा दिला. तो त्यांनी शेवटपर्यंत तोंडाला लावला नाही. गभणे साहेब तर्री-पोह्यांच्या दोन बश्या संपवून, वर चिवड्याची चौकशी करून गेले.

पुढे त्यांनी बिल्डिंगमधल्या घरांची वर्गवारी केली. निळी घरं, हिरवी घरं, पिवळी घरं. बोअरचं पाणी सरळ नळातून पिणारे निळे. फिल्टर लावणारे पिवळे. आम्ही तर पिवळ्याच्याही खाली होतो, कारण मी फिल्टरमधून काढलेलं पाणी वर आणखी उकळायची. ही माझ्या आईची सवय. "उकळलं की पाण्यातली ताकद निघून जाते," असं ते जिन्यात मोठ्यांदा सांगत, आणि कोणाबद्दल बोलताहेत ते समजावं म्हणून आमच्या दाराकडे पाहत. लोक हसत. पण लोक ऐकतही. मला त्याचंच आश्चर्य वाटे. ज्या माणसाला कोणी आपली स्कूटर पाच मिनिटं सांभाळायला दिली नसती, त्याला आपल्या घरचं पाणी तपासू देत. रंग दिसतो ना! रंग दिसला की माणसाला वाटतं, काहीतरी सिद्ध झालं.

त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही एकदा कुहीकडच्या एका खेड्यात गेलो होतो. आमची गाडी मोठी, म्हणून आम्हालाही जावं लागलं. धानाची शेती असलेलं घर, स्वच्छ सारवलेली ओसरी, मुलीचे वडील बोलायला मोकळे. मुलगी बी.एड. झालेली, दिसायला छान, पण सगळी उत्तरं ओठ मिटल्यासारखी देत होती. बोलणी नीट चालली असताना गभणे साहेब उठले आणि अंगणातल्या बोअरखाली ग्लास धरून आले. दोन थेंब टाकले. असा गडद निळा रंग आला की त्यांचा चेहराच उजळला.

"अरे वा! अमृत आहे अमृत! असं पाणी नागपुरात लाखो देऊन मिळत नाही."

मुलीचे वडील अवघडले. "थे पाणी आम्ही पेत नाही, साहेब. भांडेकुंडे धुतो, ढोरायले पाजतो. पेवाचं पाणी पलीकडच्या वाडीतून आणतो. या बोअरच्या पाण्यानं आमच्या गावातल्या पोरायचे दात खराब झाले. डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणे, पेऊ नका."

"दात तर ब्रश न केल्यानं खराब होतात," गभणे साहेब म्हणाले. मग मुलीकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, "दाखव बेटा, दात दाखव पाहू."

मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, चहाचा ट्रे उचलला आणि ती आत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही. पंधरवड्यात त्यांच्याकडून निरोप आला, सध्या मुलीच्या लग्नाचा विचार नाही. पुतण्याला ती आवडली होती, तो कितीतरी दिवस काकांशी बोलत नव्हता. काका मात्र परतीच्या वाटेवर गाडीत पुढच्या सीटवर बसून एवढंच म्हणाले, "पाणी एक नंबर, माणसं अडाणी." आणि उमरेड रोडला लागेपर्यंत झोपले.

त्यांची बायको शोभाताई मागे माझ्याशेजारी बसली होती. ती सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत होती.

शोभाताईंविषयी सांगायला हवं. बुटकी, शांत बाई. नवऱ्यासमोर तिला मी कधी पूर्ण वाक्य बोलताना ऐकलं नाही. ती 'अहो' म्हणायची आणि पुढचं ते बोलायचे. पण गभणे साहेब फिरायला गेले की ती आमच्याकडे यायची, सरळ स्वयंपाकघरात जायची आणि माझ्या माठातलं उकळून निवलेलं पाणी उभ्या उभ्या प्यायची. एक ग्लास, दुसरा ग्लास. पदराने तोंड पुसून म्हणायची, "येतो वं मी." पाण्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही. घरच्या पाण्यानं पोट बिघडतं, हे तिला नवऱ्याच्या सायन्सच्या आधी कळलेलं असणार.

खालच्या मजल्यावर संदीप आणि प्रणाली राहायला आले. दोघं अगदी तरुण. तो मोबाइल टॉवरच्या दुरुस्तीवर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. ती भिवापूरची, बडबडी, हसरी. माहेरहून मिरच्यांचं पोतं आलं की सगळ्या मजल्यांवर वाटत फिरायची. संदीपला वडील नव्हते. गभणे साहेबांनी त्याला 'बेटा' म्हणायला सुरुवात केली आणि तो विरघळला. गॅसचा सिलिंडर असो की लाइटचं बिल, तो आधी काकांना विचारायचा. कुणीतरी आपल्याला विचारतंय, हे गभणे साहेबांना किती गोड लागत होतं ते त्यांच्या चालीत दिसायचं. नोकरीत असतानाही इतके ताठ चालत नसतील.

प्रणालीला दिवस गेल्याचं समजलं तेव्हा ते पाना घेऊन खाली गेले. मी जिन्यातच होते.

"फिल्टर काढून टाकतो तुमचा," ते संदीपला सांगत होते. "पोटातल्या लेकराला पहिल्या दिवसापासून निळं पाणी मिळालं पाहिजे. हाडं मजबूत, दिमाग तेज. मी गॅरंटी देतो."

"काका, डॉक्टर तं म्हणे फिल्टरचं प्या," प्रणाली म्हणाली.

"डॉक्टर पीएच तपासतो का? नाही ना? मग?"

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो फिल्टर भिंतीवरून उतरवला, त्याची नळी गुंडाळली आणि माळ्यावर ठेवला. संदीपने त्यांच्या पाया पडून नमस्कार केला.

मी तिला एकटीला गाठून सांगितलं, निदान उकळून तरी पी. ती हसली. "काका म्हणते उकळलं का ताकद जाते. तुमचं अन् त्यायचं काही जमत नाही वाटते, काकू?" तिला तो शेजाऱ्यांचा जुना हेवादावा वाटला. मी आणखी तीनदा सांगितलं. तिने दोन वेळा मान हलवली आणि तिसऱ्या वेळी विषय बदलला.

त्या उन्हाळ्यात बोअर आटलं. बेसाला उन्हाळ्यात हे व्हायचंच. टँकर सुरू झाले. पहिल्या दिवशी टाकीत पाणी पडलं तेव्हा त्याला काहीसा वास होता, म्हणून बायका खाली जमल्या. गभणे साहेब आले. टाकीतून ग्लास भरला, थेंब टाकले. निळं. चांगलं निळं.

"बघा! बोअरपेक्षा सरस. वास क्लोरीनचा असतो. प्या बिनधास्त."

क्लोरीनचा वास कसा असतो हे आम्हाला माहीत होतं. हा तसा नव्हता. पण निळा रंग सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, बायका घागरी भरून वर गेल्या. ते पाणी नाल्याच्या काठच्या एका विहिरीतून येत होतं, हे नंतर कळलं. साबणाचं सांडपाणी मिसळलं तरी पाणी निळंच दिसतं, हेही नंतर कळलं.

इथे त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. गभणे साहेब स्वतः तेच पाणी प्यायले. लपूनछपून बाटल्या आणल्या नाहीत. रोज सकाळी तांब्याभर, तेही गच्चीवर उभं राहून, सगळ्यांना दिसेल असं. त्यांना काहीही झालं नाही. ते ढोंगी असते तर मला सोपं गेलं असतं. ढोंगी माणसाला निदान खरं काय ते माहीत असतं. यांना आपण बरोबर आहोत याची खात्री होती, आणि प्रत्येक तांब्यागणिक ती वाढत होती.

मागच्या विंगमधल्या दोन मुलांचे डोळे पिवळे झाले. कावीळ. "बाहेरची पाणीपुरी," गभणे साहेब म्हणाले. मग प्रणालीला मळमळायला लागलं. सातवा महिना लागला होता.

"मले काही खावासंच वाटून नाही राहिलं, काकू," ती दारात उभी राहून म्हणाली. चेहरा उतरलेला. "ताप बी येते. काका म्हणते ॲसिडिटी हाय. निळं पाणी डबल प्या म्हणते."

"डॉक्टरकडे गेलीस का?"

"संदीप आला का जातो."

संदीप गोंदियाकडे कुठेतरी टॉवरवर होता. मी रिक्षा बोलावते म्हटलं तर नको म्हणाली, दोन दिवसांत येतोच आहे तो. ते दोन दिवस गभणे साहेब सकाळ-संध्याकाळ निळ्या पाण्याचा जग भरून खाली नेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी संदीप आला, त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तिला तसंच उचलून गाडीत घातलं. ती त्याला ओळखत होती, पण बोलताना शब्द चुकवत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. ही पाण्यातून येणारी कावीळ, ते म्हणाले, इतरांना सहसा काही दिवस झोपवून सोडते, पण गरोदर बाईच्या जिवावर उठते. प्रणाली अतिदक्षता विभागात कितीतरी दिवस होती. ती वाचली. बाळ पोटातच गेलं. मुलगी होती.

मी दवाखान्यातून परत आले तेव्हा गभणे साहेब जिन्यात भेटले. मी त्यांना सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस कठड्याला धरून खाली बसेल. ते म्हणाले, "देवाची मर्जी. लग्नाआधी मुलींचं हिमोग्लोबिन कोणी पाहत नाही, हीच चूक होते."

सोसायटीने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल खालच्या बोर्डावर लागला आणि त्यासाठी बैठक बोलावली गेली. पाण्यात मैल्याचे जंतू सापडले होते, पाणी पिण्यास अयोग्य, असं तळाशी ठळक छापलं होतं. गभणे साहेब बैठकीला वेळेआधी आले होते. त्यांनी अहवालातल्या पीएचच्या ओळीसमोर लाल पेनाने बरोबरची खूण केली होती.

"हे पाहा," ते बोर्डावर बोट ठेवून म्हणाले, "लॅबवाल्यांनीही मान्य केलं. मी जे सांगितलं तेच आलं आहे."

"आणि खालचं?" कोणीतरी विचारलं.

"खालचं माझ्या विषयात येत नाही."

संदीप मागच्या खुर्चीवर बसला होता. तो उठला नाही, ओरडला नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाला, "काका, तुम्ही फिल्टर काहून काढला आमचा?"

तेव्हा पहिल्यांदा गभणे साहेबांची शुद्ध भाषा सुटली. "मले काहून विचारून राहिला? मी का जबरदस्ती केली होती? मी तं फक्त पीएच सांगतला! प्याचं का नाही थे तुमचं तुम्ही ठरवाचं!"

भांडारातून दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं हे विचारायचं नसतं, तसंच. सही घेतली, काम संपलं.

प्रणाली घरी आली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. तिची आई भिवापूरहून येऊन राहिली होती. मी पेज घेऊन गेले होते, तेवढ्यात गभणे साहेब आले. हातात निळ्या झाकणाची पाण्याची बाटली, मागे शोभाताई. ते कॉटजवळ खुर्ची ओढून बसले, तिथल्याच एका ग्लासात पाणी ओतलं, थेंब टाकले आणि ग्लास खिडकीच्या उजेडात धरला.

"लिव्हरला अल्कलाइन सगळ्यात उत्तम, बेटा. कलर बघ."

प्रणालीने मान भिंतीकडे वळवली. तिच्या आईने हात जोडले. "बाप्पा, माझ्या पोरीपुढं आता पाण्याचं नाव नका काढू."

"मावशी, तुम्हाला समजत नाही..."

तेवढ्यात शोभाताई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला ग्लास घेतला, उशाशी ठेवलेली बाटली घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही मोरीत ओतलं. आम्हाला सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "उठा. घरी चला."

"अगं, पण..."

"उठा म्हणतो ना."

ते उठले. जिन्यात आल्यावर शोभाताई माझ्याजवळ थांबल्या. नवरा वर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मी तुमच्या घरचं पाणी पेत होती, वहिनी. मले समजत होतं. त्या पोरीले नाही सांगतलं मी." त्यांचे डोळे कोरडे होते. एवढं बोलून त्या वर गेल्या. त्या दिवसापासून त्या कळशी घेऊन उघडपणे आमच्याकडे यायच्या आणि घरचं पिण्याचं पाणी भरून न्यायच्या. गभणे साहेब दारात उभे असले तरी.

संदीपने महिन्याभरात घर सोडलं. सामान न्यायला टेंपो आला त्या सकाळी मी निरोप द्यायला खाली उतरले होते. प्रणाली पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर गॅसची शेगडी. संदीप मागे दोऱ्या आवळत होता. गभणे साहेब पांढऱ्या बुटांत गेटपाशी उभे होते, ड्रायव्हरला हातवारे करत. "घ्या मागे, घ्या, घ्या... लेफ्ट मारा... बस!" फ्रिज आडवा ठेवू नये, त्याचा गॅस निघतो, हे त्यांनी संदीपला दोनदा सांगितलं. संदीपने दोऱ्यांवरची नजर वर केली नाही. प्रणालीने समोरच्या काचेतून रस्ता पाहिला. टेंपो निघाला तेव्हा गभणे साहेबांनी हात उंच करून आशीर्वाद दिला. तो कोणी घेतला नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

टेंपो वळणावरून दिसेनासा झाला. ते माझ्याजवळ आले, रुमालाने कपाळ पुसलं.

"चांगली पोरं होती, मॅडम," ते म्हणाले. "ऐकत नव्हती, बस, एवढंच."

आणि लिफ्ट आली तेव्हा मला मागे ठेवून ते आधी आत शिरले.